पूररेषेखालच्या प्रेमकथा

एकाच प्रेमकथाकाराची पुस्तके वाचवायची आणि बाकीची सोडून द्यायची, हा प्रश्न इतरत्र करमणुकीचा असतो. भंडाऱ्यात तो वैनगंगेच्या पातळीवर ठरतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस नदी थेट शहरात शिरली होती. अशा वेळी माळ्यावर आधी तांदूळ चढतो, मग सातबारा, मग टीव्ही. उरलेल्या हातभर जागेत साहित्य.

ना. सी. फडके (१८९४–१९७८) हे पहिले दावेदार. पेशाने तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या प्रेमिकांना मात्र त्या विषयात काठावर पास होणेही जमले नसते. वि. स. खांडेकरांच्या प्रेमिकांच्या मध्ये कायम ध्येयवाद बसलेला असतो. शिवाय ‘ययाति’ला ज्ञानपीठ मिळाले असल्याने ती प्रत्येक ग्रंथालयात असते, तेव्हा तिच्यासाठी कोणी गुडघाभर पाण्यात उतरत नाही.

खरी अडचण चंद्रकांत काकोडकरांची. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेला उच्च न्यायालयाने अश्लील ठरवले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निर्दोष सोडली. म्हणजे हा लेखक एकदा सरकारी खर्चाने वाचलेला आहे. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपटही आला.

उघडपणे विचारले तर बहुतेक घरे खांडेकरांचे नाव सांगतात. काकोडकर सहसा कपाटात सापडतच नाहीत. ते वर्तमानपत्राचे कव्हर घालून शेजाऱ्यांकडे गेलेले असतात, आणि शेजारी दुसऱ्या मजल्यावर राहत असले तर कोरडेही राहतात.