ओलीचे तज्ज्ञ

इंग्लंडमध्ये ओलसर घरं आणि दमा-खोकला यांवरच्या संशोधनात हल्ली भाडेकरूंनाही मानानं बोलावतात. चहा, बिस्किटं, जाण्यायेण्याचा खर्च, शिवाय 'अनुभवी तज्ज्ञ' ही पदवी. हीच माणसं तक्रार घेऊन गेली, की त्यांना खिडक्या उघडण्याचा आणि कपडे घरात न वाळवण्याचा उपदेश मिळे. रॉचडेलमधल्या अवाब इशाकच्या वडिलांनी २०१७ मध्येच भिंतीवरची बुरशी कळवली होती. उत्तर आलं, वरून रंग मारा. डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब त्याच बुरशीमुळे गेला. ओल-बुरशी वेळेत हटवायला लावणारा त्याच्या नावाचा कायदा लागू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. (ओल आणि दम्याचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच छापला होता.) आता भाडेकरूंना विचारायचं, संशोधनाचा पुढचा विषय काय असावा? गळका पाइप, असं कुणी म्हणालंच तर ते 'संशोधनाच्या कक्षेबाहेर'.