मधले सात करडे

चित्रकलेच्या कॉलेजात एका पोराला प्रवेश मिळाला, तरी पहिलं वर्ष सगळ्या घराला काढावं लागतं. पुतणी फाउंडेशनला गेली आणि आमचं जेवण टेबलावरून जमिनीवर आलं. टेबलावर फुल इम्पिरिअल शीट पसरलेलं असतं आणि त्याच्या आसपास आमटीला मज्जाव असतो. दिवाणातल्या गाद्या माळ्यावर गेल्या, कारण शीट्स सपाट राहायला हवीत. वाटीतलं काहीही आधी हुंगून मगच तोंडाला लावायचं, हा नियम आम्ही आपापल्या अनुभवातून शिकलो.

पोरगी हुशार आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ‘ए’ ग्रेड. गणपतीचं मखर असो, सोसायटीचा फळा असो, हात तिचाच. अशा मुलीला कॉलेजात गेल्या गेल्या काय काढायला दिलं? रेघा. पट्टी न लावता, उभ्या, आडव्या, तिरक्या. आणि त्यातून सुटते न सुटते तोच नऊ चौकोन. एका टोकाला काळा, दुसऱ्या टोकाला पांढरा आणि मधले सात करडे, प्रत्येक शेजाऱ्याहून सारख्याच पायरीने उजळ. ऐकायला सोपं वाटतं. पण पोस्टर कलर ओला असताना एक दिसतो आणि वाळला की पालटतो. रात्री जमलेला पाचवा चौकोन सकाळी चौथ्याचा जुळा भाऊ निघतो. “एवढी फी भरून करडाच रंग?” असं वहिनी म्हणाल्या. प्रश्न रास्त होता.

मग वस्तुचित्र आलं. माठ, बाटली, मागे चुण्यांचं कापड आणि पुढे एक कांदा. मांडणी हलवायची नाही, अशी ताकीद. सबमिशन लांबलं आणि कांद्याला कोंब फुटला. रोज थोडा उंच. वर्गात तट पडले: दिसतं तेच काढायचं असेल तर कोंब हवा, आणि मांडणी तीच म्हणायची तर नको. सरांनी हसून दोन्ही चालवून घेतलं. मला विचाराल तर, पहिल्या वर्षाचा सगळा अभ्यासक्रम त्या कोंबात होता. ‘कांदा’ नावाची गोष्ट काढणं सोडायचं आणि समोर जे बसलंय ते काढायचं. जी मुलं शाळेपासून चित्रं काढत आलेली असतात त्यांना हेच जड जातं, कारण त्यांचा हात डोळ्याची वाट बघत नाही.

हा छळ आपल्याकडचा नव्हे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 चं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी प्लास्टरचे युरोपी पुतळे पाहून छायाप्रकाश घोटला. करड्या चौकोनांची वंशावळ मात्र जर्मनीत जाते. वायमारला 1919 मध्ये बाउहाउस निघालं आणि तिथला प्राथमिक वर्ग योहानेस इटेन या गृहस्थांनी बांधला. डोक्याचा गोटा, अंगात स्वतः बेतलेला झगा, तासाच्या आधी श्वासाचे व्यायाम आणि आहारात भरपूर लसूण. आपल्याकडे असते तर त्यांचा मठ निघाला असता. 1923 मध्ये ते तिथून बाहेर पडले, पण वर्ग राहिला. पुढे तिथेच योझेफ आल्बर्स मुलांच्या हाती वर्तमानपत्रं देत आणि कागद वाया न घालवता काहीतरी करा म्हणत. कुणी किल्ला केला, कुणी मुखवटा. सरांना आवडला तो नुसती घडी घालून उभा केलेला कागद, कारण कागदाला उभं राहता येतं हे त्या एकानेच पाहिलं होतं. त्यांचं रंगांवरचं पुस्तक 1963 चं. सगळा भर यावर की रंग कधी एकटा नसतो. शेजार बदलला की तोही बदलतो. सात करड्यांचं मूळ ते हे.

त्याची फळं घरच्यांनी भोगायची. आता पोरीबरोबर रस्त्याने चालणं अवघड झालंय. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दादांचे फोटो किती हे आम्ही मोजतो, ही दोन अक्षरांमधल्या फटी मोजते. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताआधी हिची नजर समासाकडे.

परवा हॉलला रंग काढला. रंगारीमामांनी शेडकार्ड उघडलं. वहिनींनी “पांढरा” एवढंच सांगितलं आणि मिटवलं. पोरीने मिटू दिलं नाही. कुठला पांढरा? खिडकी पश्चिमेची आहे, समोर सोसायटीची विटकरी भिंत, संध्याकाळी तोच पांढरा गुलाबी मारेल. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, चुन्याच्या काळात आम्ही पांढऱ्यात नीळ टाकायचो. थोडी. मग भिंत जास्त पांढरी दिसते.”

झालं. पोरगी वही घेऊन त्यांच्यापुढे मांडी घालून बसली. किती नीळ? कुठल्या चुन्यात? ओलं असताना कशी दिसते, वाळल्यावर कशी? मामाही खुलले, इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. ब्रश टेकवून त्यांनी दुसरा चहा मागवला. संध्याकाळी वहिनी ऑफिसातून आल्या तेव्हा भिंतीवर नऊ चौकोन होते आणि ते दोघे पाचव्यावरून भांडत होते. मजुरी पूर्ण दिवसाची द्यावी लागली.