विरार गाडीत उपयुक्त पुस्तक वाचण्याची कृती
(नवशिक्यांसाठी, बायकांच्या डब्यात)

साहित्य : रेल्वेचा पास, चष्मा; घर, आरोग्य, पैसा आणि विरंगुळा यांवरची चार मराठी पुस्तके (एका वेळी एकच), आणि मानेमागे उभी असलेली एक अनोळखी बाई. शेवटचा जिन्नस घरून आणावा लागत नाही, तो गाडीतच मिळतो.

अंतर : चर्चगेट ते विरार, ६० किलोमीटर.

पूर्वतयारी : पुस्तक उघडण्याआधी बूड टेकायला हवे. सकाळी वसई रोड किंवा नालासोपाऱ्याहून मुंबईला जायचे असेल, तर आधी उलटे विरारला जावे आणि त्याच गाडीत बसून राहावे. याला ‘रिटर्न येणे’ म्हणतात. मुंबईला जाण्यासाठी विरारला जाणे वेडेपणाचे वाटत असेल, तर आपण अजून नवशिक्या आहात. संध्याकाळी बोरिवलीला उतरायचे असेल तर या गाडीत चढूच नये. चढलात तर पुस्तक पिशवीतच ठेवावे आणि दाराकडे सरकत राहावे, नाहीतर पुढचा मजकूर भाईंदरच्या खाडीवर वाचावा लागेल. तिघींच्या बाकावरची चौथी सीट मिळाली तर वाचन एका मांडीवर होते. दुसरी मांडी अधांतरी असते.

पुरुषांच्या डब्यात हा प्रयोग करून पाहिलेला नाही. तिकडे भजने आणि पत्ते असतात. पुस्तक सपाट आणि जाड असेल तर त्याच्यावर पत्तेच मांडले जाण्याची शक्यता आहे.

१. घर. सुरुवात कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने करावी. हे पुस्तक १९७० सालचे. त्याच्या साठ वर्षे आधी, १९१० मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’मध्ये हजार पाकक्रिया देऊन ठेवल्या होत्या, म्हणजे आपण या विषयात नवीन काही करत नाही हे ध्यानात ठेवावे. ‘रुचिरा’तली मापे वाटी-चमच्यात आहेत, हा तिचा मोठा गुण. पण ‘वाटी’ हा शब्द डब्यात मोठ्याने वाचू नये. कुणाच्या घरची वाटी, इथून सुरुवात होते. मटार सोलणाऱ्या काकी दोन मिनिटे हात थांबवतात. नायगावची कोळीण म्हणते, मसाल्याला माप कसले, हाताला कळते. वसईची कुपारी बाई बाटली मसाला सुचवते, तर आगाशीच्या वाडवळ बाईंना आपल्या घरच्या मसाल्यापुढे बाकीचे सगळे फिके वाटतात. मीरा रोड येईपर्यंत उघड्या पानावरची उसळ कोलंबीवर जाते. या वादात पडू नये, पान उघडे धरून बसावे. मानेमागची बाई एक शब्दही बोलत नाही. दोन दिवसांनी तिच्या डब्यात ती उसळ असते. आपल्या डब्यात पोळी-भाजीच असते.

२. आरोग्य. यासाठी डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ घ्यावे. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या या डॉक्टरांना १९९५ साली, पंचेचाळिशीच्या आतच, हृदयविकाराने गाठले. मग त्यांनी आहार, चालणे, ध्यान असे स्वतःचेच आयुष्य तपासायला घेतले. पुस्तक वाचताना छातीवर हात जातो. गर्दीमुळे तो जात नाही, एवढेच. ध्यानाचा प्रयोग गाडीत करू नये. डोळे मिटले की झोप लागली असे समजून शेजारीण खांद्यावर मान टाकते. चालण्याचे प्रकरण आले की उद्यापासून एक स्टेशन आधी उतरायचे असा निश्चय करावा आणि उद्या गर्दी पाहून तो परवावर ढकलावा. मानेमागची बाई मात्र पुढच्या मंगळवारी विरारच्या जीवदानी देवीच्या हजाराहून जास्त पायऱ्या चढून आलेली असते. प्रसादाची साखर आपल्या तळहातावर ठेवते. पुस्तक वाचून केलेला साखर कमी करण्याचा निश्चय तिथे मोडतो.

३. पैसा. अच्युत गोडबोले यांचे ‘अर्थात’ अर्थशास्त्राची गोष्ट सांगते. ते जाड आहे. चौथ्या सीटवर मांडीवर घेतल्यास तोल सावरायला मदत होते. ते उघडताच भिशीवाल्या ताई विचारतील, “यात आपल्या भिशीचे काही आहे का?” ‘आहे’ म्हणू नये, नाहीतर हिशेबाची वही आपल्याकडे येते. वसईकरांना सहकार पुस्तकातून शिकवावा लागत नाही. इथली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ सालची आहे. मंदीचे प्रकरण चालू असताना आपण दादरला घेतलेल्या तीन गाऊनची पिशवी पायाखाली सरकवावी. मानेमागची बाई ती पाहते. त्याच महिन्यात तिने आवर्त ठेवीचे खाते उघडल्याचे कळते.

४. विरंगुळा. अनिल अवचटांचे ‘छंदांविषयी’ शेवटी ठेवावे. ओरिगामी, बासरी, लाकडातले कोरीवकाम, चित्रे, इतके छंद एका माणसाने केले हे वाचून आपल्याला दम लागतो. बासरीसाठी कोपर बाहेर काढावे लागते, म्हणून ती या गाडीत बाद. कागदाच्या घड्या जमण्यासारख्या आहेत, पण त्यांना लागतो चौकोनी कागद आणि दोन्ही हात मोकळे. आपला एक हात पुस्तकाला अडकलेला. मानेमागच्या बाईचा एक हात कडीला. तरी नायगावच्या पुढे ती गजऱ्याच्या पुडीचा कागद दातात धरून एका हाताने काहीतरी करते आणि वसईला उतरताना आपल्या पानात एक पक्षी खुणेला ठेवून जाते.

नेहमीच्या चुका : उपयुक्त पुस्तक आपल्याला उपयोगी पडेल असे समजणे. पान भराभर उलटणे. ‘माझ्या पुस्तकात काय डोकावता’ असे बोलणे.

कृती पुरी झाल्याची खूण : एका संध्याकाळी अंधेरीला मानेमागच्या बाईला जागा मिळते आणि आपण उभ्या असतो. ती पिशवीतून पुस्तक काढते. मधुमेहाचे आहे की बाल्कनीतल्या बागेचे, हे वरून नीट दिसत नाही. आपण कडीला लटकून मान थोडी वाकडी करतो, आणि तिसऱ्या ओळीपासून वाचू लागतो. पान संपते. ती कोपरा चिमटीत धरते, थांबते, वर बघते.

“झालं?” ती विचारते.

मान हलवावी.