निष्कर्ष निघत नाही : रावेतमधील नवशिक्यांसाठी असमानता आणि कोडी

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी यांपैकी काहीतरी पदरात पडलेल्या, रावेत, किवळे, पुनावळे, वाल्हेकरवाडी या पट्ट्यात राहणाऱ्या आणि 'बुद्धिमत्ता चाचणी' हे शब्द ऐकताच स्वतःच्या बुद्धिमत्तेविषयी शंका येणाऱ्या प्रत्येकासाठी. चाकणच्या कंपनीत तिसरी पाळी करून सकाळी मुकाई चौकात बसमधून उतरणारे आणि दुपारी चार तास झोप काढून अभ्यासिका गाठणारे उमेदवार यात धरले आहेत. पालकांनी ही मार्गदर्शिका वाचू नये. त्यांचे निष्कर्ष आधीच ठरलेले असतात.

विषय नवा नाही. शाळेत शिष्यवृत्ती परीक्षेला तो भेटून गेला आहे. तेव्हा राम नुसता रांगेत डावीकडून सातवा असायचा. आता राम मोठा झाला. तो आठ मजली इमारतीत राहतो, त्याला एक आवडता रंग आहे, एका बँकेत खातं आहे आणि दर मंगळवारी तो कुठल्यातरी शहरात जातो. कुठल्या, ते तुम्ही शोधायचं. रामला विचारायची सोय नाही.

साहित्य

१. पाठकोरे कागद आणि एक पेन. पेन्सिल घेऊ नये. खोडायची सवय लागते आणि परीक्षेत खोडायला वेळ मिळत नाही, फक्त काट मारायला मिळतो.

२. अभ्यासिकेतली जागा. कोपऱ्यातली, चार्जिंगच्या पॉइंटजवळची जागा उत्तम, म्हणून ती रिकामी नसते. तिथे पाण्याची बाटली ठेवलेली असते आणि बाटली असेल तिथे माणूस आहे असं सगळे धरून चालतात. लक्षात ठेवा, 'बाटली आहे' हे विधान झालं. 'माणूस येणार आहे' हा निष्कर्ष, आणि तो निघत नाही.

३. घड्याळ. बऱ्याच बँकांच्या पीओ पदाच्या पूर्वपरीक्षेत रीझनिंगचे ३५ प्रश्न २० मिनिटांत उरकायचे असतात. एका प्रश्नाच्या वाट्याला ३४ सेकंद येतात. शिवाय चूक उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, म्हणजे चार ठिकाणी शहाणपणा केला की एका बरोबर उत्तराची कमाई गेली. न बोलण्याने थेट गुण वाचवणारी ही आपल्याकडची बहुधा एकमेव व्यवस्था असावी.

पायरी पहिली : चिन्हं ओळखा

बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये छापलं. दोन समांतर रेघांहून जास्त सारखं दुसरं काय असणार, असा त्याचा साधा विचार. 'मोठा' आणि 'लहान' ही चिन्हं थॉमस हॅरियटच्या पुस्तकात आली, तीही तो गेल्यावर, १६३१ साली. म्हणजे कागदावर समानता आधी आली आणि असमानतेला ७४ वर्षं थांबावं लागलं. गावठाणातलं कौलारू घर आणि त्याला लागून उठलेला बावीस मजली टॉवर रोज पाहणाऱ्याला हा क्रम उलटा वाटेल, पण परीक्षेत मत विचारत नाहीत.

नवशिक्याला खरा घोळ घालतं ते ≥ हे चिन्ह : मोठा किंवा समान. याचा सराव होर्डिंगवर करावा. 'हिंजवडी फक्त पाच मिनिटांवर' असं लिहिलेलं दिसलं की मनात 'वेळ ≥ ५ मिनिटं' असं वाचा. जाहिरात लगेच खरी होते आणि तुमचा रक्तदाबही जागेवर राहतो.

यापुढची इयत्ता सांकेतिक असमानतेची. 'प @ फ म्हणजे प हा फपेक्षा लहान नाही आणि समानही नाही.' घाबरू नका. कुठल्याही दोन संख्यांत तीनच नाती असतात : मोठी, लहान, समान. नकार आला की त्यातलं एक नातं खोडा. इथे दोन खोडली, उरलं 'मोठा'. घरमालक म्हणतो, 'भाडं शेजारच्या फ्लॅटपेक्षा जास्त नाही, पण कमीही घेणार नाही.' दोन नकार, उरलं 'समान'. एवढं साधायला त्याला अर्धा तास आणि चहा लागतो, तुम्हाला ३४ सेकंद आहेत.

पायरी दुसरी : साखळी जोडा

समजा दिलंय : प > क ≥ र = त. आता प आणि त यांचं नातं काय?

पपासून तपर्यंत बोट फिरवा. वाटेतली सगळी चिन्हं एकाच दिशेला उघडत असतील, तरच पुढे चला. इथे उघडतात. वाटेत कुठेही एक निखळ > भेटला, तर निष्कर्षही निखळ : प > त. आता कपासून निघा. क आणि त यांच्यामध्ये फक्त ≥ आणि = आहेत, म्हणून क ≥ त. इथे 'क > त' असं ठोकून देणारा उमेदवार पाव गुण घालवतो.

चिन्हं समोरासमोर आली की साखळी तुटली. प > क < र : पसुद्धा क-विरुद्ध जिंकला, रसुद्धा जिंकला, प आणि र यांची गाठच पडलेली नाही. निष्कर्ष निघत नाही.

ही ओळ वाचायला सोपी आहे, घरात बोलायला महाकठीण. वास्तुशांतीला आलेली आत्या जेवताना म्हणते, 'तुला बंटीपेक्षा जास्त मिळतात ना? आणि आमच्या सचिनलाही बंटीपेक्षा जास्तच मिळतात हो.' एवढं बोलून ती सचिन पुढे असल्याचा निकाल चेहऱ्यावर जाहीर करते. तुम्ही तिला पाठकोऱ्या कागदावर तुटलेली साखळी काढून दाखवू शकता. दाखवू नका. श्रीखंड वाढायला ती आहे.

पायरी तिसरी : एकतर हे, किंवा ते

पर्यायांत 'एकतर निष्कर्ष १ किंवा निष्कर्ष २' असं एक उत्तर असतं. नवशिके ते दोन वेळा निवडतात : काहीच सुचलं नाही तेव्हा, आणि वेळ संपत आला तेव्हा. तीन अटी पाळा. दोन्ही निष्कर्ष एकेकटे सिद्ध होता कामा नयेत. दोन्हींत तीच जोडी हवी. आणि दोघांनी मिळून उरलेल्या सगळ्या शक्यता व्यापल्या पाहिजेत. वरचं क ≥ त घ्या. निष्कर्ष १ : क > त. निष्कर्ष २ : क = त. एकही पक्का नाही, पण तिसरी वाटही नाही. उत्तर : एकतर १ किंवा २. साखळी तुटलेली असेल, तर मात्र तिन्ही नाती शिल्लक असतात. तिथे 'प > र' आणि 'प ≤ र' अशी पुरी जोडी लागते.

पायरी चौथी : इमारतीचं कोडं

पाच मजली इमारत. प्रत्येक मजल्यावर एक उमेदवार : गणेश, प्रज्ञा, सुजित, मानसी, अक्षय. (रावेतमध्ये हल्ली पाच मजले नुसत्या पार्किंगला लागतात, पण प्रश्न काढणारा अजून जुन्या प्राधिकरणात राहतो.)

अ. मानसी सम क्रमांकाच्या मजल्यावर राहते.
आ. मानसी आणि गणेश यांच्यामध्ये दोन मजले आहेत.
इ. प्रज्ञा गणेशच्या लगेच वर राहते.
ई. अक्षय सुजितच्या वर राहतो. किती वर, ते सांगितलेलं नाही.

एक ते पाच आकडे खालून वर लिहा, शेजारी दोन उभे रकाने आखा. मानसी दुसऱ्या मजल्यावर किंवा चौथ्या; एकेका रकान्यात एकेक शक्यता मांडा. पहिल्यात मानसी दुसऱ्यावर, म्हणून गणेश पाचव्यावर. मग प्रज्ञा त्याच्या वर, म्हणजे गच्चीत पाण्याच्या टाकीशेजारी. रकान्यावर काट मारा. दुसऱ्यात मानसी चौथ्यावर, गणेश पहिल्यावर, प्रज्ञा दुसऱ्यावर. तिसरा आणि पाचवा उरले : सुजित तिसऱ्यावर, अक्षय पाचव्यावर. सुटलं.

नवशिक्याची चूक ठरलेली असते. पहिली शक्यता आवडते, तो तिच्यावरच सगळं बांधत जातो आणि गच्चीत पोहोचल्यावर प्रश्नच चुकीचा असल्याचं जाहीर करतो. दोन्ही रकाने अखेरपर्यंत जिवंत ठेवा. जो मरायचा तो अटींनी मरू द्या, तुमच्या कंटाळ्याने नको.

या कोड्यांचं घराणं जुनं आहे. १९६२ साली 'लाइफ इंटरनॅशनल' मासिकात पाच रंगांच्या पाच घरांचं आणि एका झेब्र्याचं कोडं छापून आलं. आजची बहुतेक पझल्स त्याच वळणाची. ते आइनस्टाइनने लहानपणी रचलं आणि जगातल्या दोनच टक्के लोकांना सुटतं, असा मजकूर तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. त्याला पुरावा नाही. ग्रुपवर तसं लिहायचं की नाही, हा बुद्धिमत्तेचा प्रश्न नसून धैर्याचा आहे.

गोलाकार बैठकीत काही जण केंद्राकडे तोंड करून बसतात, काही बाहेर. बाहेर तोंड असलेल्याचा उजवा-डावा उलटा होतो, एवढंच ध्यानात ठेवा. प्रत्यक्षात असं कोण बसतं, असं विचारणाऱ्याने मेंटेनन्स वाढवायचा ठराव असलेल्या सोसायटीच्या सभेला एकदा जावं.

पायरी पाचवी : वार आणि पाणी

पवनेचं पाणी शहरासाठी अडवणारा महापालिकेचा बंधारा रावेतमध्येच आहे. इथून पाणी निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात चढतं आणि मग नळांना येतं. २०१९ च्या नोव्हेंबरात शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा बंधाऱ्याच्या शेजारी राहणारेही त्यातून सुटले नाहीत. 'उगमाजवळ आहे, म्हणून आधी मिळेल' हा निष्कर्ष निघत नाही, हे इथल्या माणसाला कुठलंही पुस्तक न उघडता कळलं.

आता प्रश्न : या सोमवारी पाणी आलं. क्रम चुकला नाही, तर पुढच्या सोमवारी येईल का? घाईचा उमेदवार 'हो' म्हणतो. सोमवार ते सोमवार सात दिवस, सात ही विषम संख्या. पाणी येणार नाही. त्यापुढच्या सोमवारी येईल, कारण चौदा सम आहे. वारांच्या प्रश्नांत बाकी पाहायची असते : वारासाठी सातने भागून, पाण्यासाठी दोनने. पिंप भरणारी आजी हे गणित बोटांवर करते आणि तिला कोणी कटऑफ विचारत नाही.

सराव

प्र. १. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल चिंचवडनंतर आकुर्डीला आणि मग देहूरोडला थांबते. रावेत स्टेशन कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये येतं?

प्र. २. विधान : म > न ≥ स. निष्कर्ष १ : म > स. निष्कर्ष २ : न > स.

प्र. ३. विधान : २०२३ च्या तलाठी भरतीत जागा पाच हजारांच्या आत होत्या, अर्ज दहा लाखांवर आले. असाच एक अर्ज पुढच्या भरतीत तुमचा आहे. निष्कर्ष १ : तुमची निवड होईल. निष्कर्ष २ : तुमची निवड होणार नाही.

उत्तरं

१. कोणत्याच नाही. रावेतला रेल्वे स्टेशन नाही; इथली माणसं आकुर्डी गाठतात. प्रश्नाने गृहीत धरलेलं आपणही गृहीत धरू नये.

२. फक्त निष्कर्ष १. दुसरा निवडला असेल, तर पायरी दुसरी पुन्हा वाचा.

३. 'फक्त निष्कर्ष २' हे उत्तर आत्याचं, सचिनच्या आईचं आणि सकाळी चार वाजता यंत्रासमोर उभ्या असलेल्या तुमच्या मनाचं. ते चूक आहे. जागा अर्जांपेक्षा कितीही कमी असोत, त्यावरून कोणा एकाविषयी काहीच सिद्ध होत नाही. उत्तर : एकतर १ किंवा २. भरती न्यायालयात अडकणं ही तिसरी शक्यता अभ्यासक्रमाबाहेरची असल्याने तिचे गुण नाहीत.