कोंबडीवाले फौजदार

धारचा भाचा सुट्टीत देवासला आला की दोन गोष्टी ठरलेल्या. आल्याआल्या 'आमच्या धारला राजा भोज होता' हे ऐकवायचं आणि मग टीव्हीचा रिमोट ताब्यात घ्यायचा. परवा म्हणाला, "मामा, कोरियन पिक्चर लावतो. पोलिसांचा आहे." मी उशी जवळ ओढली. कोरियन गुन्हेपट म्हणजे हातोडा, रक्त आणि पाऊस, एवढंच माझं ज्ञान. दहा मिनिटांत डुलकी लागेल असा हिशेब होता. दोन तासांनी मी डोळे पुसत होतो, पण हसून हसून.

चित्रपट 2019 चा, 'एक्स्ट्रीम जॉब'. अमली पदार्थविरोधी पथकातले पाच पोलीस. हात लावतील ते काम बिघडवणारे. साहेबांची बढती रखडलेली. टोळीच्या अड्ड्यासमोर तळलेल्या कोंबडीचं एक मरायला टेकलेलं दुकान असतं. पाळत ठेवायला सोयीचं, म्हणून साहेब निवृत्तीचा पैसा घालून ते विकतच घेतात. पथकातल्या एकाच्या घरची खानावळ सुवॉन शहरात. त्यानं घरचा मसाला लावला आणि दुकानापुढे रांग लागली. मग व्हायचं तेच होतं. टोळी हलते तेव्हा पाठलागावर एकटा शिपाई, बाकीच्यांचे हात तेलात. वर्दीत जे जमलं नाही, ते कढईत जमलं!

दक्षिण कोरियाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास. त्या देशात या चित्रपटाची 1 कोटी 60 लाखांवर तिकिटं खपली. गंमत म्हणजे यात कोणी विनोद करत नाही. तोंडं वेडीवाकडी होत नाहीत, मागून 'टुंई' वाजत नाही, बायकी आवाज काढणारा नोकर नाही. प्रत्येक जण आपापलं काम जीव तोडून करतो. फक्त काम चुकीचं असतं.

भाचा म्हणाला, "असं आपल्याकडे सुचत नाही." इथे मात्र माझा देवासी स्वाभिमान जागा झाला. सुचायला कशाला हवं? आमच्याकडे घडतं.

ऑक्टोबर 2021. देवासच्या एका डेप्युटी कलेक्टरांच्या बंद बंगल्यात चोर शिरला. थोडी रोकड, थोडे दागिने मिळाले. एवढ्यावर त्याचं समाधान होईना. निघताना चिठ्ठी ठेवून गेला: 'जब पैसे नहीं थे तो लॉक नहीं करना था ना कलेक्टर.' बिचाऱ्याची मेहनत वाया गेली होती, त्याची ही रीतसर तक्रार. वर डेप्युटीचा कलेक्टर करून टाकला. कोरियन साहेबांची बढती सरकारनं अडवली, आमच्याकडे ती चोर देतो.

त्याआधी, जानेवारी 2018. इथल्या बँक नोट प्रेसमध्ये सदोष नोटा बाजूला काढायच्या विभागातला अधिकारीच नोटा बुटात लपवताना सुरक्षा दलाच्या हाती सापडला. कार्यालय आणि घर धरून नव्वद लाखांच्या आसपास रक्कम निघाली. घरी नेलेला माल छपाईत नापास झालेला! याला म्हणतात कामावरची निष्ठा.

आणि मुळात हे गावच विनोदाच्या पायावर उभं आहे. संस्थानाच्या काळात राजघराण्याच्या दोन शाखा, थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणजे एका गावात दोन राजे. रस्त्याच्या अल्याड एक राज्य होतं, पल्याड दुसरं. चोराला काय सोय असेल! ही गंमत दिसली ती एका इंग्रजाला. ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. त्यांनी 1953 मध्ये 'द हिल ऑफ देवी' लिहून सगळं जगाला सांगितलं. आमचे मराठी निर्माते अजून पुण्याच्या पुढे लोकेशन शोधतात, तेही थेट लंडनला.

भाचा गप्प झाला. राजा भोजाचं नावही निघालं नाही.

चित्रपट जरूर बघा, फक्त उपाशीपोटी बघू नका. आणि घराला कुलूप लावून कुठे जाणार असाल, तर आत भरपूर रोकड ठेवा. देवासचा चोर नाराज होऊन जाता कामा नये.