वाढत्या अंगाचे काकाजी

लेकरांच्या कपड्यांचं दुकान चालवणारा एक जुना वाण नागपुरात अजून टिकून आहे. बर्डीवर सापडतो, इतवारीत सापडतो, महालात तर हमखास. पाटीवर नाव काहीही असो, आपण त्यांना काकाजीच म्हणू. काकाजींकडे टेप असतो, पण तो गळ्यात घालायला. माप ते नजरेनं घेतात, आणि प्रत्येक लेकराचं माप एकच निघतं: दोन वर्षांनंतरचं.

“काकाजी, हा फ्रॉक घोट्यापर्यंत येऊन राहिला नं!”

“येऊ द्या नं वहिनी. पोरगी काय इतकीच राहणार आहे? वाढतं अंग आहे!”

या एका वाक्यावर दुकान उभं राहिलं, वर माडी चढली, दोन मुलींची लग्नं झाली. हिशेब चोख होता. फ्रॉक मोठी तीन वर्षं घालणार, मग धाकटी, मग अमरावतीची मावसबहीण. आत दुमडलेलं दोन बोटं कापड ही काकाजींची इभ्रत. उंची वाढली की शिवण उसवायची. खरं गिऱ्हाईक म्हणजे आजी. लेकराला गल्ल्याशेजारी उभं करून फिरवायचे. त्याचं मत विचारायची पद्धत नव्हती. रडलं तर फुगा.

माल गांधीबागेतून उचलायचा. कोलकात्याचे झालरीचे फ्रॉक, तिरुपूरची होजिअरी. उन्हाच्या कृपेनं विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या अखेरीस, म्हणजे गणवेशाचा धंदा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा निवांत. पण काकाजींचा खरा सण तान्हा पोळा. मोठ्यांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी ओढत, धोतर-सदरा-फेट्यात निघालेली पोट्टी घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजांनी सुरू केली, असं सांगतात. “धंदा कळणारा राजा तेवढा एकच झाला,” हे काकाजींचं इतिहासाबद्दलचं एकमेव मत. त्या आठवड्यात चार वर्षांच्या पोराला सहा वर्षांच्याचं धोतर विकलं जाई, आणि पोरगं नंदीपेक्षा धोतरच जास्त ओढत जाई.

मग दिवस फिरले. लोक म्हणतात, मॉलनं खाल्लं. ज्या एम्प्रेस मिलमध्ये 1877 पासून कापड निघायचं, तिच्याच जागेवर मॉल उभा राहिला, हे काकाजींना लागलं हे खरं. पण त्यांचा पहिला राग सरकारवर, त्यातही कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणावर. इथं काकाजींशी सहमत व्हावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात 1992-93 मध्ये बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती. 2019-21 मध्ये 1.7. काकाजींच्या भाषेत सांगायचं तर धाकटीच उरली नाही. मग दोन बोटं कापड उसवायचं कोणासाठी?

दुसरा राग पुण्यावर. 2010 साली तिकडे फर्स्टक्राय हे लेकरांच्या सामानाचं ऑनलाइन दुकान सुरू झालं, आणि बर्डीवरच्या आया घरबसल्या मोबाइलवर झबली मागवू लागल्या. 2024 च्या ऑगस्टात ती कंपनी शेअरबाजारात उतरली, त्या दिवशी काकाजी गरजले, “नागपूर करारानं आपल्याला काय दिलं? हिवाळी अधिवेशन! अन् लेकरं आपली, गल्ला पुण्याचा!”

समाधान एकाच गोष्टीत: दुसऱ्यांच्या दिवाळखोरीत. लेकरांचे कपडे विकणाऱ्या दिल्लीच्या लिलिपुटमध्ये 2010 मध्ये बेन आणि टीपीजी या अमेरिकी कंपन्यांनी पैसा ओतला, वर्षभरात हिशेबांवरून भांडण कोर्टात गेलं, आणि पुढं दुकानांना टाळी लागली. अमेरिकेतली तशीच कंपनी जिंबोरी तर 2017 आणि 2019 अशी दोनदा दिवाळखोरीत निघाली. ही माहिती पुतण्यानं मोबाइलवर दाखवली. काकाजींनी त्याला त्या दिवशी तर्री-पोहे खिलवले.

एवढं होऊनही मला वाटतं, काकाजींना ना मॉलनं हरवलं ना पुण्यानं. एकुलत्या एका पोरीचे आईबाप दर सहा महिन्यांनी नेमक्या मापाचा कपडा घ्यायला तयार होते. म्हणजे गिऱ्हाइकी घटली तरी एका लेकरामागे खरेदी वाढणार होती. पण नेमक्या मापाचा फ्रॉक विकायला काकाजींचा हातच धजला नाही. आताची पाच वर्षांची पोरगी स्वतः कपडे निवडते. तिला स्पायडरमॅन हवा, तोही आजच्या अंगाला बसणारा. काकाजी तिच्या आईकडे बघत राहतात, आई पोरीकडे.

दुकान अजून उघडं आहे. निम्म्या जागेत पुतण्या मोबाइलची कव्हरं विकतो आणि तिथंच गर्दी असते. तान्ह्या पोळ्यासाठी धोतर घ्यायचं असेल तर काकाजींकडेच जा. सुती माल अजूनही त्यांच्याचकडे चांगला मिळतो. फक्त लेकराचं वय विचारलं तर दोन वर्षं कमी सांगा.