देवाच्या डोक्यावरचं रान

सिंधुदुर्गात गणपतीसाठी जी सगळ्यात कष्टाची सजावट होते, ती गणपतीला दिसतच नाही. ती त्याच्या डोक्यावर असते. देव समोर बघत बसलेला, आणि त्याच्या मुकुटाच्या वर एक लाकडी चौकट आढ्याला दोरांनी टांगलेली. तिला पानं, फळं, फुलं, शेंगा अशा दाटीने बांधलेल्या की रानच उलटं होऊन घरात उतरलं आहे असं वाटावं. हिला आमच्याकडे माटवी म्हणतात. तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलं की हीच माटोळी होते. मातीच्या देवाला मान वर करून बघायची सोय नाही, मग हा सगळा खटाटोप नेमका कोणासाठी, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. पण विचारणार कोणाला? चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोकणातल्या मोठ्या माणसांना असले तात्त्विक प्रश्न विचारू नयेत. ती झाडावर असतात.

माटवीला पोथी नाही, ही तिची खरी अडचण आहे. गणपतीला वाहायच्या 21 पत्रींची यादी छापील मिळते आणि त्या यादीत चक्क देवदार आहे. देवदार वाढतो हिमालयात, दीड-दोन हजार मीटर उंचीवर, थंडीत. कुडाळच्या माणसाने भादव्याच्या चिखलातून तो कुठून आणावा? भटजी शांतपणे नाव उच्चारतात, यजमान शांतपणे हाताला लागेल ते पान वाहतो, आणि देवही शांतपणे ते देवदार म्हणून स्वीकारतो. तिघांचाही असा समजूतदारपणा एरवी संसारात दिसत नाही. माटवीत मात्र ही पळवाट बंद. तिची यादी कुठे लिहिलेलीच नाही, त्यामुळे तिच्यातल्या कशालाही पर्याय चालत नाही. घरापासून चालत जाऊन परत येता येईल एवढ्या टापूत भाद्रपदात जे जे पिकलं, फुललं, लोंबलं, ते सगळं तिला हवं असतं.

आणि काय काय तिला हवं असतं! शेरवडीच्या फांद्या हव्यातच. तिचं खरं फूल नारिंगी आणि इवलंसं. दुरून डोळ्यांत भरणारी जी पांढरी पाकळी वाटते, ती पाकळी नसून वाढलेलं निदल आहे. म्हणजे बारशाला आलेल्या आत्यानेच सगळ्यांचं लक्ष वेधून घ्यावं, तसा प्रकार. कवंडळ हवंच. हिरव्या वेलीवर लालभडक लटकणारं हे फळ इतकं देखणं की परक्या माणसाने हात पुढे करावा, आणि इतकं कडू की त्या कडूपणाचीच म्हण झाली. मग कळलावी. तिच्या पाकळ्या आधीच मागे वळून वर गेलेल्या असतात, फूल मुळात खाली तोंड करूनच उमलतं. त्यामुळे ते उलट्या बागेत बांधायचं तर सुलटं कसं धरावं यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. शिवाय ती मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. तिच्या शेजारी गोडसर चिबूड, पलीकडे आंबट तोरंजन, मग पडवळ, दोडकी, काकड्या, सुपारीचा घोस, केळीचा घड, आंब्याचे टाळ, आणि सोललेही नाहीत असे जडच्या जड नारळ. कडू, विषारी, आंबट, गोड सगळे एका पट्टीवर, आणि कोणाचं कोणाशी वाकडं नाही. आमच्या वाडीतल्या लोकांना हे वर्षातले उरलेले दिवस जमत नाही म्हणून ते दरवर्षी देवाच्या डोक्यावर नमुना टांगून ठेवत असावेत.

हे सगळं बांधायचं ते केवणीच्या सालीने. केवण म्हणजे जिच्या पिळदार शेंगा बाळगुटीत उगाळतात ती, मुरुडशेंगेची. तिची ओली साल सोलून काढली की सुतळीला लाजवील असा दोर होतो. माझे काका या गाठींचे अधिकारी. त्यांनी आयुष्यात कोणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. पण गाठ मारून झाली की ते दोन्ही हातांनी नारळाला धरून जवळजवळ लोंबकळायचे, आणि गाठ टिकली तर नारळाकडे ज्या नजरेने बघायचे ती नजर त्यांच्या मुलांच्या वाट्याला कधी आली नाही. आता इतकी काळजी देवाचीच, यात शंका नाही. डझनभर असोले नारळ डोक्यावर टांगून त्याखाली आपण ज्याला विघ्नहर्ता म्हणून बसवतो, त्याचं विघ्न कोणी हरायचं, हा विचार त्यांनी आमच्या आधी केलेला होता. गणपतीच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता असते ती आमच्या घरात मला नेहमी थोडी धैर्याची वाटत आली आहे.

आम्हा मुलांची भक्ती मात्र थेट वरच्या दिशेची होती. आरतीला सगळे हात जोडून समोर बघत, आम्ही चिबडाकडे. पिकत आलेल्या चिबडाचा वास धूप-कापराला पुरून उरतो. कुठला चिबूड कोणाचा, हे आरतीच्या मध्येच डोळ्यांनी ठरायचं आणि देवाला साक्ष ठेवून ठरल्यामुळे ते कोणी मोडत नसे. विसर्जनानंतर आजी माटवीची वाटणी करायची. तिला आमचे हे गुप्त करार कसे कळायचे कोण जाणे, पण ज्याचा चिबूड त्यालाच मिळायचा. ज्याने काहीच हेरून ठेवलं नव्हतं, त्या बावळट भावंडाला ती तोरंजन द्यायची, आणि वर लोणच्याची पाककृती.

मध्यंतरी एक काळ असाही गेला की माटवी वर तशीच, पण खाली थर्मोकोलचा महाल. कमानी, खांब, मोर. वर रानातलं खरंखुरं ओलं जग, खाली पांढरा कोरडा राजवाडा, आणि देव दोघांच्या मधे भाडेकरूसारखा. 2018मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकसोबत थर्मोकोलच्या मखरांवरही बंदी आली, तेव्हा शहरात निसर्गाला एकाएकी चांगले दिवस आले. पानाफुलांच्या आराशीला दरपत्रक लागलं. गोव्यात तर कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाच घेतं. तिथे शेकडो प्रकार बांधले जातात, बियांची नि फळांची पौराणिक दृश्यं उभी राहतात. मला त्या कष्टांचा आदरच आहे. फक्त माना वर करून फिरणारे परीक्षक आले की खाली बसलेल्या देवाला आपण चुकीच्या घरी आलो की काय असं वाटत असेल.

परवा पुतण्याने मोबाईल शेरवडीसमोर धरला. मोबाईलने क्षणात सांगितलं, मुसेंडा. बरोबरच सांगितलं. काकू भाजी चिरता चिरता म्हणाली, "ईचार तेका, खंयची ती." मोबाईल गप्प. काकूने फांदीकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं की ही सुतारांच्या वईवरची. ओढ्याकाठच्या शेरवडीची पानं जरा रुंद असतात. तेव्हा मला माझ्या जुन्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. माटवीत बांधलेल्या प्रत्येक वस्तूला पत्ता असतो. कवंडळ देवराईच्या कडेचं, सुपारी खालच्या बागेतली, केवण वरच्या सड्यावरची, चिबूड ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांच्या परसातला पण मुलाच्या हाती गुपचूप पाठवलेला. देवाला दिसो न दिसो, वर्षातून एकदा सगळा शेजार घरात येऊन टांगून घेतो.

यंदा माझ्या मुलीला ठाण्याहून गावी जायला रजा मिळाली नाही. तिने फ्लॅटमध्ये माटवी करायची ठरवली. छताला खिळा मारायला घरमालकाची परवानगी नाही, म्हणून कपडे वाळत घालायचा स्टँड उघडून त्याखाली हातभर उंचीचा गणपती बसवला. आंब्याचा टाळ पार्किंगमधल्या झाडाचा, वॉचमनला सांगून तोडलेला. भेंड्या आणि काकडी खालच्या भाजीवाल्या मावशींकडची. त्यांनी कशाला हवी विचारलं आणि स्वतःहून तेरड्याची जुडी वर घातली. तेरड्याचा रंग तीन दिवस, पण तिचा गणपती दीडच दिवसाचा, तेवढा पुरला. नारळ पेलेना, म्हणून मधोमध एक लिंबू. दोर म्हणून मिठाईच्या खोक्याची सुतळी.

काकांना व्हिडिओ कॉल लावला. आता त्यांना खुर्चीवरून उठवत नाही, दिसतंही कमी. फोन नाकाजवळ धरून ते बराच वेळ लिंबाकडे बघत राहिले.

"गाठ दाखय," ते म्हणाले.

तिने फोन वर नेला.

"ओढून बघ."

तिने लिंबू धरून ओढलं. स्टँड किंचित करकरला, गाठ राहिली. काकांनी मान हलवली, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर ती नारळावाली नजर ओळखली.

"बरी झाली हा," ते म्हणाले. "पण तू तेच्या खाली बसू नको हां."